पंपाचं गाऱ्हाणं

पाण्याचा घोट गिळण्याआधी जयवंतांची मान डावीकडे झुकायची. फार नाही, भिंतीवरची तसबीर वाकडी आहे की आपलीच नजर, असा संशय यावा इतकीच. घोट उतरला की मान पुन्हा सरळ. पेजेला कमी झुकायची, भाताला जास्त, आणि सुक्या जवळ्याला तर कान खांद्याला टेकतो की काय असं वाटायचं. मालननं हे पाडव्यापासून पाहिलं होतं, पण बोलली नव्हती. जेवताना ती नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायची. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याची मान आपल्याकडे झुकायला लागली, तर तक्रार कोणती बायको करील?

मग त्या मानेवर गाठ दिसली, आणि मालनला स्वतःच्या खुळेपणाची लाज वाटली.

जयवंत पाताडे लालबागच्या रवळनाथ निवासात तिसऱ्या मजल्यावर राहत. आधी गिरणीत साचेखात्यात मागांवर होते, गिरणी बंद पडल्यावर शिवडीच्या गोदामात, आता घरी. पण चाळीत त्यांची ओळख नोकरीवरून नव्हती. ते गाऱ्हाणं घालत. कोकणातल्या माणसांचं कुठलंही कार्य असो, आधी एक जण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो, आणि एकेका मागण्याला जमलेली माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. जयवंतांचा आवाज मागांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून तयार झालेला. त्यांनी खाली चौकात "बा देवा म्हाराजाऽ" म्हटलं की चौथ्या मजल्यावरची बाई हातातली कढई थांबवून "व्हय म्हाराजा" म्हणायची. एकदा बाहेरच्या रस्त्यावर गाड्या अडवत उभा असलेला हवालदारही म्हणून गेला होता.

चाळीत गाऱ्हाण्यावाचून काही होत नसे. बारसं, साखरपुडा, गणपतीचं पाटपूजन हे झालंच. पण नवा फ्रिज, पोराची परीक्षा, तळमजल्यावरच्या संडासाचं नवं दार, सगळ्याला जयवंत लागत. त्यांचा गिरणीतला दोस्त राजरत्न वरळीच्या बीडीडी चाळीतून मुद्दाम यायचा. तो बौद्ध, देवबिव मानत नसे, पण 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठ्यांदा त्याचंच. "मी देवाला होय म्हणत नाही," तो सांगायचा, "जयाला म्हणतो. देव मध्ये उभा असतो, त्याला मी काय करू?"

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांपुढे बसताना एका बाजूला मालन आणि दुसऱ्या बाजूला राजरत्न होता. डॉक्टर मेघना वयानं त्यांच्या मुलाएवढ्या, सुशांतएवढ्या होत्या आणि हळू बोलत.

"काका, गाठ जिभेच्या मुळाशी आहे आणि मानेत उतरली आहे. आजार बराच पुढे गेलाय, पण मानेच्या खाली कुठे पोचलेला नाही. त्यामुळे तो बरा करायचा, याच हिशेबानं आपण उपचार करायचे."

"म्हणजे ऑपरेशन?" मालननं विचारलं.

"नाही काकू. तीन गोष्टी, एकाच वेळी. सात आठवडे रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस. त्याच दिवसांत आठवड्याला एकदा किमो. किमोनं गाठ कमजोर पडते, मग रेडिएशन जास्त लागू पडतं. आणि तिसरं, टार्गेटेड औषध. तेही आठवड्याला, शिरेतून."

"ते तिसरं कशाला?" राजरत्न म्हणाला. "दोघं पुरे नाहीत?"

डॉक्टरांनी टेबलावर मूठ ठेवली. "ही गाठीतली पेशी समजा. हिच्या अंगावर दारावरच्या घंटीसारखी बटणं असतात. बटण दाबलं गेलं की आत निरोप जातो, वाढ. रेडिएशननं मोडलेली पेशी याच निरोपावर स्वतःची दुरुस्तीही करून घेते. हे औषध त्या बटणावर जाऊन बसतं. कोणाला दाबू देत नाही."

"म्हणजे जयाच्या चाळीचा सेक्रेटरी, माधव," राजरत्न म्हणाला. "माईकवर बसतो. स्वतः बोलत नाही आणि दुसऱ्याला बोलू देत नाही."

"साधारण तसंच," डॉक्टर हसल्या. "तिन्ही मिळून दिल्यावर काही रुग्णांत आजार जास्त काळ ताब्यात राहिलेला दिसलाय. सगळ्यांत नाही. पण तुमच्यासाठी मला हे योग्य वाटतं."

मग त्यांनी त्रास सांगितले. तोंड येईल, गिळताना दुखेल, मसाल्याचं खाणं बंद, कदाचित काही दिवस नाकातून नळी. किमोचा परिणाम कानांवर होऊ शकतो, म्हणून आधी कान तपासून घ्यायचे.

"यांना माझं बोलणं ऐकू येत नाही," मालन म्हणाली. "ते आत्ताच लिहून ठेवा, नंतर किमोवर यायला नको."

"आणि टार्गेटेड औषधानं कधीकधी चेहऱ्यावर पुरळ येतो. तारुण्यात पुळ्या येतात ना, तसा."

राजरत्ननं मांडीवर थाप मारली. "साठीत पुळ्या! जया, वहिनींना परत दाखवून घ्यावं लागणार तुला."

जयवंत हसले. मालनही हसली. तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "आवाज बसेल. पुढे बऱ्याच जणांचा परत येतो, पण अगदी पहिल्यासारखा येईलच, असं मी सांगणार नाही." मालननं पाहिलं, जयवंतांची मान डावीकडे झुकली होती. तोंडात घोट नव्हता.

"उशीर मात्र नको," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ थांबून राहणार नाही, आणि आज जी संधी आहे ती पुढे राहीलच असं नाही. काका, मला तुमच्या तोंडून होकार हवा."

"विचारून सांगतो," जयवंत म्हणाले.

डॉक्टरांनी मालनकडे पाहिलं. "कोणाला विचारून?"

मालन काय सांगणार? जयवंतांनी लग्नाच्या वेळीही हेच म्हटलं होतं, आणि बोहल्यावर उभे राहीपर्यंत ते कोणाला विचारत होते, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

विचारायला त्यांनी कोणाला बाकी ठेवलं नाही. न्हाव्याला विचारलं. मालन उन्हाळ्यात मसाला गल्लीत मिरच्यांची देठं काढायला जायची, तिथल्या शेठला विचारलं. शेठ म्हणाला, "घ्या की तिन्ही. नुसत्या लवंगीनं तिखट होतं, मसाला होत नाही. रंगाला बेडगी लागते." हे उत्तर जयवंतांना फार आवडलं. ते त्यांनी डॉक्टरांना फोन करून ऐकवलं.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे हो?"

"नाही, अजून गावच्या देवाला विचारायचं आहे."

गावच्या देवाला विचारायची रीत म्हणजे कौल. देवाच्या पाषाणाला ओली पाकळी चिकटवायची, गुरवानं प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. देवाच्या उजव्या अंगानं पाकळी पडली तर होकार, डाव्या अंगानं पडली तर नकार. जयवंतांना प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून सुशांतनं व्हिडिओ कॉल लावून दिला. तिकडे देवळात मालनचे धाकटे दीर, भावजी, मोबाईल धरून उभे, इकडे खोलीत सगळा मजला. टीव्हीवर मोठं चित्र यावं म्हणून सुशांतनं तीही जोडणी केली होती. टीव्हीवर देव आला तसे सगळे उठून उभे राहिले, आणि ज्यांच्या पायात चपला होत्या त्यांनी त्या दाराबाहेर नेऊन ठेवल्या.

गुरवानं प्रश्न घातला. तिन्ही औषधं एकदम घ्यायची तर उजवी दे, नाहीतर डावी दे.

पाकळी हलेना.

बायकांनी पदर डोक्यावर घेतले. माधव म्हणाला, "देव विचार करतोय." बराच वेळ गेला. "तीन औषधांचा प्रश्न आहे, वेळ लागणारच," कोणीतरी म्हणालं. मालन एकटक पडद्याकडे बघत होती. पाकळी हलत नव्हती, समईची ज्योत हलत नव्हती, आणि भावजींचा अंगठा पडद्याच्या कोपऱ्यात जसा आला होता तसाच होता.

"सुशांत," ती म्हणाली, "गुरव मघापासून तोंड उघडून उभा आहे. जांभई एवढी लांब असते का रे?"

नेटवर्क गेलं होतं. कॉल पुन्हा लागला तेव्हा पाकळी खाली फरशीवर पडलेली होती.

"कुठून पडली?" जयवंतांनी विचारलं.

तिकडे गडबड झाली. भावजी म्हणाले, "चित्र अडकलं म्हणून मी मोबाईलकडं बघत होतो." गुरव म्हणाला, तोही मोबाईलकडं बघत होता. देवळात जमलेले सगळेच मोबाईलकडं बघत होते. देवाकडं कोणी बघितलंच नव्हतं.

"मग परत लावा," मालन म्हणाली.

"तसं नाही वहिनी," भावजी म्हणाले. "देवानं उत्तर दिलंय. आता तोच प्रश्न परत कसा विचारायचा? देवाला वाटेल, आपण ऐकतच नाही."

"आणि ते खोटं थोडंच आहे?" राजरत्न म्हणाला.

मालनला संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पाकळी पडल्याचं कळलं तेव्हा जयवंतांच्या तोंडावर तिला सुटकेचा भाव दिसला. नापास होणाऱ्या पोराला पेपर फुटल्याची बातमी कळावी, तसा. म्हणजे या माणसाला उत्तर नकोच होतं.

मग का नको होतं? मरायची घाई म्हणावी तर तसंही नव्हतं. औषधाच्या गोळ्या ते वेळेवर घेत. रोज दुपारी मात्र मोबाईल घेऊन ते गच्चीवर जायचे आणि खाली आल्यावर विचारलं तर म्हणायचे, "हवा खात होतो." खाली येताना घसा आणखी बसलेला असायचा. हवा खाऊन घसा बसलेला माणूस मालननं पाहिला नव्हता. डॉक्टरांचा फोन आला, दुसऱ्यांदा आला. जयवंतांचं तेच, विचारून सांगतो. मानेवरची गाठ आता शर्टाच्या कॉलरला टेकायला लागली होती.

आणि अशात पाण्याचा पंप आला.

चाळीचा जुना पंप जाऊन नवा बसला होता. तो रविवारी सुरू करायचा, तर गाऱ्हाणं हवं. "जयवंतकाका, थोडक्यात घाला," माधव म्हणाला. "पंप लहानच आहे."

जयवंत खाली आले. पंपाला हार घातलेला, नारळ फुटलेला. चारी मजल्यांच्या कठड्यांवर माणसं. मंडळाचा स्पीकर आरतीसाठी बाहेर काढून ठेवलेला होता, त्याच्या शेजारी खुर्ची मागून घेऊन जयवंत बसले. मोबाईल मांडीवरच्या टॉवेलाखाली. मालन बाजूला उभी होती, राजरत्न पलीकडे.

"बा देवा म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

काय आवाज होता! महिन्याभरात असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "आज ह्यो जो नवो पंप बसवलेलो असा, तेचा पाणी चवथ्या माळ्यापर्यंत जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौथ्या माळ्याचं सगळ्यांत जोरात.

"काकांचा आवाज सुटला!" माधव हरखून म्हणाला. मालनलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ती अगदी बाजूला उभी होती, आणि तिला त्यांचा गळा दिसत होता. ओठ हलत होते, गळा हलत नव्हता.

गाऱ्हाणं संपलं. जयवंतांनी हात जोडले, ओठ मिटले. माधव बटण दाबायला वाकला.

"बा देवा म्हाराजाऽ!" आवाज म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" चाळ म्हणाली. सवयच ती.

"आज ह्या घरात जा बाळ जन्माक इला, तेचा नाव अमुक-तमुक ठेयला असा..."

"व्हय म्हाराजा!" आणि सगळे वर बघायला लागले, कोणाच्या घरात? दुसऱ्या मजल्यावरची नवी सून लाजून आत पळाली. तिच्या सासूनं आनंदानं तोंडावर हात घेतला.

जयवंत टॉवेलाखाली चाचपडत होते. मोबाईल घसरून खुर्चीखाली गेला. आता स्पीकर म्हणत होता, "आज आमची चाळ जावन जो टॉवर उभो रवलो, तेची लिफ्ट मधीच बंद पडू देव नको रे म्हाराजा!"

"टॉवर?" माधव किंचाळला. "कोणी सही केली? मीटिंग कधी झाली?"

"बंद कर आधी!"

"लॉक लागलाय!" माधवनं मोबाईल उचलला होता. "काका, नंबर काय?"

जयवंतांनी तोंड टॉवेलात घातलं होतं. स्पीकरला थांबायचं माहीत नव्हतं.

"बा देवा म्हाराजाऽ! आज जयवंत गंगाराम पाताडे ह्येचो बारावो दिवस..."

"व्हय म्हा..." चाळ अर्ध्यावर अडखळली. कठड्यावरून एक चमचा खाली पडला, त्याचा आवाज चौकात घुमला.

"तेची बायको मालन, तिचा गुडघ्याचा दुखणा बरा कर. तिका भांडूक कोण उरलो नाय, तर भांडूक कोणतरी दी. झिलाक, सुशांताक, सांभाळ. आणि राजरत्नान नेलेली छत्री परत करूची तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"छत्री माझीच होती!" राजरत्न ओरडला. मग त्यानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला. काच पुसून झाली तरी पुसत राहिला.

माधवनं शेवटी स्पीकरची वायर ओढून काढली.

मालन खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "गच्चीवर हीच हवा खात होतात का?"

"आवाज जातलो गो," जयवंत टॉवेलातून म्हणाले. खरा आवाज हा होता, फाटलेला, पिठाच्या चाळणीतून आल्यासारखा. "एकदा सुरू केलं की गेला. मग चाळीत कोणाचं काही निघालं तर? म्हणून मोबाईलात भरून ठेवत होतो. सगळं भरून झालं की डॉक्टरांना सांगणार होतो."

"किती राहिलंय?"

"मुंजीचं."

"आपल्या चाळीत मुंज कोण करतो?"

"म्हणूनच राहिलंय."

कोणीतरी हसलं. मालन हसली नाही. तिनं पदर खोचला आणि पंपाकडे तोंड करून उभी राहिली. मागून कुजबूज आली, बाईमाणूस गाऱ्हाणं घालतंय? राजरत्ननं मागे वळून नुसतं पाहिलं, आणि कुजबूज थांबली.

"बा देवा म्हाराजा!" मालन म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, मासळीवालीशी घासाघीस करायचा. चाळीची शंभर तोंडं उघडली. तिनं हात वर केला. "कोणी होय म्हणायचं नाही. आज एकानंच म्हणायचं."

तोंडं मिटली.

"ह्यो जो जयवंत हय खुर्चयेर बसलेलो असा, तो सगळ्यांसाठी मागता. बारशाचा मागला, लिफ्टीचा मागला, पंपाचा मागला. स्वतःच्या बाराव्याचासुद्धा मागून ठेयला. मधला जगणा तेवढा मागूचा रवला. ता मी मागतंय."

जयवंतांनी टॉवेल खाली घेतला.

"तेका रेडिएशनचो शेक घेवक व्हयो, किमो घेवक व्हयी, आणि ता बटणावर बसणारा तिसरा औषधय घेवक व्हया. तिनय एकदम. तोंडार पुळयो इल्यो तर मी मोजूचंय नाय. आवाज बसलो तर तेच्या वाटणीचा मी बोलान."

"ते तसंही बोलताच," राजरत्न हळूच म्हणाला.

"आणि परत इलो नाय तर नाय. पण तेनी माका त्या स्पीकरातसून होय म्हणूचा नाय. देवाची पाकळी कोणी बघूक नाय, पण ह्येचा तोंड आज सगळी चाळ बघता. काय ता आता सांग रे म्हाराजा!"

ती पंपाकडे तोंड करून म्हणत होती, पण शेवटी वळली ती नवऱ्याकडे.

चौथ्या मजल्यावर कढई थांबली. जयवंतांनी आवंढा गिळला, मान डावीकडे झुकली, थोडा वेळ तशीच राहिली, आणि हळूहळू सरळ झाली. खुर्चीचा हात धरून ते उठले. पहिल्यांदा आवाज निघालाच नाही. दुसऱ्यांदा निघाला तो इतका बारीक, की राजरत्नला कानाशी हात न्यावा लागला.

"व्हय म्हाराजा," जयवंत म्हणाले. "तिनय घेतंय."